पासबुकात दोनदा ५९० : हे पैसे परत मिळतात का?

सुरंगी | १३ जुलै, रात्री १०.१५

काल गावी जाऊन आले (गुहागर तालुका). जेवणं आटपल्यावर आईने पासबुक आणून माझ्या पुढ्यात टाकलं. "हे वाच. माझा चष्मा बदलायला झालाय की खरंच असं लिहिलंय, ते सांग."

शाखेतला पासबुकाचा प्रिंटर दोन महिने बंद होता. तो सुरू झाल्यावर एकदम पानभर छापून आलं. त्यातलं कापलेलं तेवढं उतरवून आणलंय:

ईएमआय परत – ५९०
ईएमआय परत – ५९०
किमान शिल्लक – ३५४
एटीएम नाकारलं – २९.५०
एसएमएस – १७.७०

एकूण १,५८१ रुपये २० पैसे. सगळं एका महिन्यातलं.

खातं बाबांचं आणि आईचं जोडखातं, बँक खाजगी. बाबा मुंबईला नोकरीला होते, तेव्हा पगारासाठी उघडलेलं. निवृत्त होऊन गावी आले तरी तेच चालू ठेवलंय. घरखर्चाचे पैसे मी दर महिन्याला त्यातच टाकते. भावाच्या स्कूटरचा ३,१४० चा हप्ता पाच तारखेला त्यातूनच जातो. माझा पगार सात तारखेला होतो, त्यामुळे माझे पैसे आठ-नऊला पोचतात. इतके महिने बाबांची थोडी शिल्लक असायची म्हणून निभावत होतं. जूनमध्ये कौलं बदलली आणि शिल्लक संपली. पाचला हप्ता परत, आठला सकाळी पुन्हा परत. मी पैसे टाकले आठला संध्याकाळी.

फायनान्सवाल्यांनी त्यांचा दंड वेगळा लावलाय, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

यातलं काही परत मिळतं का? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? बाबा म्हणतात, "बँकेशी कोण भांडणार, जाऊ दे." आई जाऊ द्यायला तयार नाही.

गजालीकर | १३ जुलै, रात्री १०.३१

माका एक सांगा. पैसे नाय म्हणान दंड. मगे दंड भरूक पैसे खयसून हाडूचे?

कोकमआगळ | १३ जुलै, रात्री १०.४०

गजालीकर, 😂 हसून हसून पुरेवाट.

सुरंगी, आमच्याकडेही सेम. फक्त आमच्या आईने पासबुक माझ्यापुढे नाही टाकलं, मॅनेजरपुढे टाकलं.

पन्हाळकाठी | १३ जुलै, रात्री ११.०५

कटू वाटेल, पण बोलतो. बँक धर्मादाय संस्था नाही. हप्त्याची तारीख पाच आहे हे कर्ज घेताना माहीत होतं. चार तारखेला खात्यात पैसे नसतील तर चूक बँकेची कशी? आपल्याकडे "जरा पुढे-मागे होतंच" ही जी सवय आहे ना, तिचे हे ५९०.

सुरंगी | १३ जुलै, रात्री ११.२०

@पन्हाळकाठी, चूक आमची नाही असं म्हटलेलंच नाही. चुकीची किंमत इतकी कशी, हा प्रश्न आहे. ३,१४० च्या हप्त्याला ११८० दंड.

काउंटर नं. ३ | १४ जुलै, सकाळी ७.१०

चौतीस वर्षं काउंटरच्या आत बसलो, आता बाहेर आहे. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

सुरंगी, तुझ्या यादीत वेगवेगळ्या जातीचे दंड आहेत. एकाच गाठोड्यात बांधून शाखेत नेलेस तर एकही सुटणार नाही. वेगवेगळे कर.

पहिला, किमान शिल्लक. रिझर्व्ह बँकेचं नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, लागू झालं १ एप्रिल २०१५ पासून. शिल्लक कमी झाली की बँकेने आधी कळवायचं आणि भरून काढायला महिना द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, सरसकट नाही. आणि नुसत्या या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये. तेव्हा पहिला प्रश्न: कळवलं होतं का?

दुसरा, हप्ता परत गेल्याचा. हा एनएसीएचचा, म्हणजे आपण सही करून दिलेल्या आदेशाचा. बँकेच्या दरपत्रकात असतो, ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणून ५९०. हा नियमात बसतो. पण एकच हप्ता तीन दिवसांत दोनदा पाठवला फायनान्स कंपनीने, आणि दोन्ही वेळा पैसे कापले तुझ्या बँकेने. दुसऱ्या वेळचे परत मागून बघ. हक्क म्हणून नाही, विनंती म्हणून. जुनं खातं असेल तर मॅनेजरच्या हातात तेवढं असतं. मी स्वतः अशा नोंदी उलटवल्या आहेत. अर्थात ज्याने काउंटरवर आरडाओरडा केला त्याच्या नाही.

तिसरा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो तू जाता जाता लिहून गेलीस. खातं मुंबईत उघडलेलं. मूळ शाखा अजून तीच आहे का?

सुरंगी | १४ जुलै, सकाळी ९.०२

काका, हो. पासबुकावर अजून मुंबईचीच शाखा आहे. आम्ही फक्त छापून आणायला इथल्या शाखेत जातो.

काउंटर नं. ३ | १४ जुलै, सकाळी ९.३०

मग तिथेच पाणी मुरतंय. बहुतेक बँकांत किमान शिल्लक ठरते ती खात्याच्या मूळ शाखेवरून. महानगर, शहरी, निमशहरी, ग्रामीण असे वर्ग असतात. दहा हजारांच्या आत लोकवस्ती असेल तर ग्रामीण. तुझे बाबा राहतात कौलारू घरात आणि खातं राहतंय महानगरात. त्यात पगार यायचा थांबला की दोन-तीन महिन्यांत पगारखात्याचं साधं बचत खातं होतं आणि शून्य शिल्लकीची सवलत जाते. हे सांगायला कोणी घरी येत नाही.

शाखा बदलण्याचा अर्ज द्या. खाते क्रमांक तोच राहतो, आयएफएससी (शाखेचा कोड) बदलतो.

नाखवा_हर्णै | १४ जुलै, दुपारी १.१५

पन्हाळकाठी साहेबांना एक विचारायचं होतं. आमचं घर बोटीवर चालतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. म्हणजे दोन महिने लिलाव नाही, पैसा नाही. आणि याच दोन महिन्यांत जाळी विणायची, इंजिन उघडायचं, बोटीला रंग. पैसा जातो तेव्हाच येत नाही. इंजिनच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या दहाला. बँकेच्या कॅलेंडरात नारळी पौर्णिमा नाही.

पहिल्या वर्षी जुलैमध्ये हप्ता दोनदा परत गेला. दुसऱ्या वर्षी मी मेमध्येच दोन हप्त्यांचे पैसे त्या खात्यात टाकून ठेवले आणि एटीएम कार्ड बायकोकडे दिलं. तिने ते तांदळाच्या डब्यात पुरलं. तेव्हापासून दंड नाही.

सवय लावा म्हणणं सोपं आहे. पगारदाराची सवय वेगळी, दर्यावरची वेगळी.

पन्हाळकाठी | १४ जुलै, दुपारी १.४०

नाखवा, मान्य. माझ्या डोक्यात पगारदारच होता.

(पण मेमध्ये पैसे टाकून ठेवलेत, म्हणजे मी म्हटलं तेच केलंत 🙂)

नाखवा_हर्णै | १४ जुलै, दुपारी १.५२

एकदा दंड भरल्यावर केलं, साहेब.

हापूसवाला_देवगड | १४ जुलै, दुपारी ३.२०

आंब्याचंही तेच. मार्च ते मे पैसा, नंतर वर्षभर फवारणी, खतं, राखण. म्हणून आमच्याकडे पीक कर्ज असतं. किसान क्रेडिट कार्ड म्हणजे एका अर्थी ओव्हरड्राफ्टच की: मर्यादा ठरलेली, लागेल तेवढे काढा, वापरलेल्यावरच व्याज. तीन लाखांपर्यंत सात टक्के, वेळेत फेडलं तर तीन टक्के सूट, म्हणजे पडतं चार टक्क्याने. शेतकऱ्याला चार टक्क्याने उधारी, आणि स्कूटरच्या हप्त्याला तीन दिवस उशीर झाला तर ५९०! हिशेब कुठेच जुळत नाही.

जर्सीकर | १४ जुलै, संध्याकाळी ६.०५

मूळ चिपळूणचा, सध्या अमेरिकेत. इथला प्रकार उलटा आहे, म्हणून लिहितो. आपल्याकडे पैसे नसले की बँक व्यवहार परत पाठवते आणि दंड घेते. इथे घरखर्चाच्या चेकिंग खात्यात पैसे नसले तरी बँक कित्येकदा व्यवहार होऊ देते, खातं उणे जातं आणि मग दंड. बरीच वर्षं हा दंड ३५ डॉलरच्या आसपास असायचा, आणि दर व्यवहाराला.

विद्यार्थी होतो २००९ मध्ये. खात्यात ७१० डॉलर. एकाच दिवशी चार किरकोळ खरेद्या, आणि त्याच दिवशी घरभाड्याचा ७०० चा चेक वठला. बँकेने सगळ्यात मोठी रक्कम आधी वळती केली. उरले दहा. चारही किरकोळ खरेद्या उणे, चार वेळा ३५, म्हणजे १४० डॉलर. लहान आधी घेतल्या असत्या तर फक्त चेकवर एकदाच ३५ पडले असते. फोनवरच्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तुमचं महत्त्वाचं देणं आधी जावं म्हणून." माझ्या काळजीपोटी १०५ डॉलर जास्त!

२०१० पासून एटीएम आणि कार्डाच्या एकेकट्या व्यवहारांसाठी ग्राहकाने आधी होकार दिलेला असेल तरच हा दंड लावता येतो. चेक आणि परस्पर जाणारे हप्ते त्यात येत नाहीत. दिलेला होकार काढूनही घेता येतो. २०२२ च्या सुमारास काही मोठ्या बँकांनी दंड रद्द केला किंवा बराच कमी केला. डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या बँकांसाठी पाच डॉलरच्या मर्यादेचा नियम आला होता, तो अंमलात येण्याआधीच २०२५ मध्ये संसदेने रद्द केला.

गजालीकर | १४ जुलै, संध्याकाळी ६.२०

म्हणजे थयसर बुडूक देतत आणि मगे दंड घेतत. हयसर पाण्यात उतराकच देनत नाय, आणि काठार उभ्या ऱ्हवल्याचो दंड.

आंबोळी | १४ जुलै, संध्याकाळी ७.००

गजालीकर यांना दंडवत.

खाजण | १४ जुलै, रात्री ९.१२

सांभाळून हो. हप्ता बाऊन्स झाला की केस होते. तुरुंग आहे त्यात.

काउंटर नं. ३ | १५ जुलै, सकाळी ६.५५

खाजण, आईवडिलांना घाबरवू नका. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्यात कलम २५ आहे, चेक न वठल्यावर लागतं त्या कलम १३८ सारखंच, आणि शिक्षेची तरतूदही आहे. पण आधी लेखी नोटीस यावी लागते, त्यानंतर पैसे भरायला पंधरा दिवस असतात. सुरंगीने त्याच संध्याकाळी पैसे टाकलेत. फक्त हप्ता खरंच जमा झाला का, याची पावती फायनान्सवाल्यांकडून मागून घे. खात्यात पैसे पडले म्हणजे हप्ता गेला असं नसतं.

आणखी एक. १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालतं. पूर्वी "पाचला रविवार आहे, सोमवारी जाईल" म्हणून एक दिवस मिळायचा. आता नाही.

सुरंगी | १५ जुलै, सकाळी ९.४५

काका, कळवलं होतं का, याचं उत्तर मिळालं आणि कपाळाला हात लावला. बँक म्हणते एसएमएस पाठवला. पाठवला, पण बाबांच्या जुन्या मुंबईच्या नंबरवर! तो नंबर बंद होऊन तीन वर्षं झाली.

म्हणजे तिमाहीला १७.७० रुपये आम्ही ज्या एसएमएसचे भरतोय, ते कुणालाच येत नाहीत.

कोकमआगळ | १५ जुलै, सकाळी ९.५०

कुणालाच कसे? त्या नंबरचा नवीन मालक तुमच्या बाबांच्या शिल्लकीची काळजी करत बसला असेल बिचारा.

वाडीवरची | १५ जुलै, सकाळी ११.३०

मी बचत गटाचं काम करते, म्हणून हे रोज बघते. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले ३,००० जमा झाले. आमच्या वाडीतल्या एका काकींच्या जुन्या खात्यात दोन वर्षांचा दंड साठलेला, पैसे पडल्याबरोबर बँकेने वसूल केला. काकी काढायला गेल्या तर निम्मेच. त्या वेळी सरकारनेही बँकांना सांगितलं होतं की हे पैसे कापू नका, तरी परत मिळवायला आम्हाला तीन खेपा पडल्या. एकदा लिंक नव्हती, एकदा साहेब मीटिंगला, तिसऱ्यांदा मिळाले.

नंतर त्यांना बेसिक बचत खातं करून दिलं. त्यात किमान शिल्लक नाहीच, शून्य असली तरी दंड नाही. महिन्यात चार वेळा पैसे काढणं फुकट. जनधन हे त्यातलंच, आणि त्यात पात्र असाल तर दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टही मिळतो. अट एकच: बेसिक खातं असलं तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

आणि दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं असेल, तर १ एप्रिल २०२४ पासून त्यावर किमान शिल्लकीचा दंड लावताच येत नाही. घरोघरी अशी खाती पडून आहेत.

आंबोळी | १५ जुलै, दुपारी १२.१०

मग सरळ सरकारी बँकेत जा ना. स्टेट बँकेने बचत खात्याचा हा दंड मार्च २०२० मध्येच काढला. कॅनराने जून २०२५ पासून, पंजाब नॅशनलने जुलै २०२५ पासून.

पन्हाळकाठी | १५ जुलै, दुपारी १२.२५

आणि रांगेत उभं राहायचं दंडाऐवजी.

आंबोळी | १५ जुलै, दुपारी १२.२८

रांगेत गजाली तरी होतात.

जुनी_मनीऑर्डर | १५ जुलै, दुपारी ४.००

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या लहानपणी बाबांची मनीऑर्डर यायची मुंबईहून. पोस्टमन ओटीवर बसायचा, आजी त्याला चहा द्यायची, तो नोटा मोजायचा आणि खाली लिहिलेला दोन ओळींचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. "भात लावणीस मजूर घ्यावे. आईने औषध चुकवू नये." उशीर झाला तर आजी वाण्याकडून उधार आणायची. तो वहीत लिहायचा, दंड नाही.

पण खरं सांगायचं तर तो वाणी साखर मापात मारायचा. तेव्हा फुकट काहीच नव्हतं.

टपाल | १५ जुलै, दुपारी ४.३५

पोस्टाचं बचत खातं कोणी काढलंच नाही! किमान ५०० ठेवायचे. आर्थिक वर्ष संपेपर्यंत तेवढे केले नाहीत तर ५० रुपये कापतात. वर्षाला, महिन्याला नाही.

भाट्ये_खाडी | १५ जुलै, रात्री ८.४०

किमान "सरासरी" शिल्लक म्हणजे काय, हे कोणी सोपं करून सांगेल का? आमच्या बाबांना वाटतं दहा हजारांच्या खाली एक दिवस जरी गेलं तरी दंड. म्हणून ते खात्याला हातच लावत नाहीत आणि माझ्याकडे मागतात.

काउंटर नं. ३ | १५ जुलै, रात्री ९.३०

रोज रात्री खात्यात जे उरतं, ते महिनाभर मिळवायचं आणि दिवसांनी भागायचं. सरासरी २,५०० हवी असेल तर तीस दिवसांची बेरीज ७५,००० यायला हवी. २५,००० तीन रात्री खात्यात झोपले तरी काम झालं. बाकी सत्तावीस दिवस शून्य असलं तरी चालेल. पण सकाळी आले आणि संध्याकाळी गेले, ते धरत नाहीत. पैशाने मुक्काम करायला हवा.

बाबांना सांगा, निर्धास्तपणे काढा. फक्त ठेव मोडून आलेले, आंब्याचे वगैरे मोठे पैसे आले की आल्या दिवशीच सगळे हलवू नका.

भाट्ये_खाडी | १५ जुलै, रात्री ९.४४

काका, हे आधी सांगितलं असतंत तर माझे चार हजार वाचले असते. धन्यवाद. वाचनखूण साठवली.

वाडीवरची | १६ जुलै, सकाळी १०.००

सुरंगी, अर्ज लेखी दे आणि पोच घे, शिक्का मारलेली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सीएमएस पोर्टलवर तक्रार टाकायची, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८. पण आधी बँकेकडे तक्रार केलेली हवी, नाहीतर तिथूनच परत पाठवतात.

गजालीकर | १६ जुलै, सकाळी १०.१५

परत पाठवल्याचे ५९० घेतत काय?

सुरंगी | २१ ऑगस्ट, रात्री ९.५०

धागा वर काढतेय, कारण सांगायचं राहिलं होतं. आणि गणपती सहा दिवसांवर आहेत, नंतर कोणी वाचणार नाही.

अर्ज आईनेच लिहिला. मी मजकूर पाठवला होता. तिने त्यातलं "सद्भावनेने विचार व्हावा" ठेवलं, बाकीचं तिचं: "आपण ज्या नंबरवर कळवले तो बंद आहे. बंद घराच्या दारावर हाक मारून निरोप दिला असे होत नाही." मॅनेजर तरुण मुलगा आहे, घाटावरचा. त्याने दोनदा वाचलं म्हणे.

किमान शिल्लकीचे ३५४ आणि दुसऱ्या परतीचे ५९०, असे ९४४ जमा झाले. पहिले ५९० नाहीत, एटीएमचे नाहीत. १७.७० ही नाहीत, कारण "मेसेज गेलेले आहेत". उरलेले ६३७ रुपये २० पैसे आईने अजून सोडलेले नाहीत, पण मी सोडले. नंबर बदलला, शाखा गावच्या जवळची केली.

हप्त्याची तारीख बदलायला फायनान्सवाले तयार झाले, पण त्याचेही पैसे मागत होते. तेवढ्यात आईने सांगितलं, "माझ्या खात्यातून जाऊ दे." आम्ही सगळे बघतच राहिलो. तिचं सरकारी बँकेत शून्य शिल्लकीचं खातं आहे, हे बाबांनाही माहीत नव्हतं. आमसुलं आणि काजूचे पैसे, अकरा हजार! नाखवा, पासबुक तांदळाच्या डब्यातच होतं.

आता हप्ता पाचला तिच्या खात्यातून जातो आणि माझे पैसे आले की बाबा तिला परत करतात. तिने वही घातली आहे. पहिली ओळ: "यांस दिले ३,१४०."

काउंटर नं. ३ | २१ ऑगस्ट, रात्री १०.०५

म्हणजे शेवटी घरातच ओव्हरड्राफ्ट मंजूर झाला. बाबांना या महिन्यात उशीर झाला का? आणि झाला असेल तर दंड किती, जीएसटीसकट?

सुरंगी | २१ ऑगस्ट, रात्री १०.१२

दोन दिवस झाला. तिने माळा झाडून घेतला आणि गणपतीच्या खोलीला चुना लावून घेतला. जीएसटी म्हणून मखराचे खिळे.